वाचकांचे प्रश्न : पेरेंट अकाउंट, चाइल्ड अकाउंट आणि कुणाला काय दिसावं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागी येऊन अडलेत. ऑफिसात सीआरएम, म्हणजे ग्राहकांची माहिती आणि विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर, नाहीतर बिलिंगचं सॉफ्टवेअर आलं, ग्राहकांची नावं भरून झाली, मग कुणीतरी म्हणालं की एकाच ग्राहकाच्या सगळ्या शाखा त्याच्या खाली लावून टाका, आणि तिथून पुढे कुणाला काय दिसतंय नि कुणाला काय दिसत नाहीये याचा जो घोळ सुरू झाला तो काही आवरेना. हा घोळ मी स्वतः बऱ्याचदा निस्तरलाय, त्यात लोकांचे किती दिवस वाया जातात तेही बघितलंय, म्हणून या वेळी दुसरं काही न घेता हेच प्रश्न घेतेय.

प्रश्न : आमचा एक मोठा ग्राहक आहे, त्याचं एक हेड ऑफिस आणि अकरा शाखा. आम्ही बाराही अकाउंट्स वेगवेगळी उघडलीत. ऑर्डर शाखेतून येते, बिल कधी शाखेला जातं तर कधी हेड ऑफिसला. आता हेड ऑफिसला पेरेंट करून शाखा त्याखाली चाइल्ड म्हणून लावायचं ठरलंय. पण सेल्सच्या मुलांना भीती वाटतेय की असं केलं की एकाच्या शाखेचे रेट दुसऱ्याला दिसायला लागतील. खरंच असं होतं का? — सेल्स कोऑर्डिनेटर

उत्तर : बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप असं होत नाही. पण तुमच्या मुलांची भीती अगदी रास्त आहे, कारण इथे दोन वेगवेगळी झाडं आहेत आणि स्क्रीनवर ती एकच वाटतात. पहिलं झाड ग्राहकाचं, म्हणजे हेड ऑफिस वर, शाखा खाली. दुसरं झाड तुमच्या स्वतःच्या माणसांचं, म्हणजे मॅनेजर वर, त्याच्या हाताखालचे खाली. पहिलं झाड सांगतं की ग्राहकाच्या घरात कोण कुणाचं, दुसरं सांगतं की तुमच्या घरात कुणाकडे कुठली किल्ली. ग्राहकाचं झाड नीट लावलं म्हणून किल्ल्या आपोआप नीट वाटल्या जात नाहीत, आणि उलटही नाही.

सेल्सफोर्स या सीआरएमचं उदाहरण घ्या. तिथे अकाउंटवर पेरेंट अकाउंट नावाचं फिल्ड असतं, ते भरलं की झाड तयार. पण ते फिल्ड भरल्यामुळे कुणालाही एक रेकॉर्ड जास्त दिसत नाही नि कमीही दिसत नाही. कुणाला काय दिसणार ते ठरतं रेकॉर्डचा ओनर कोण, सगळ्यांसाठीचं डिफॉल्ट खुलं ठेवलंय की बंद, ओनरच्या वर रोल हायरार्कीत, म्हणजे तुमच्या माणसांच्या झाडात, कोण बसलंय आणि वेगळे शेअरिंग रूल, म्हणजे अमक्याची रेकॉर्ड्स तमक्यालाही दाखवा असे नियम, केलेत का यावरून. डिफॉल्ट जर खुलं असेल तर आत्ताही सगळ्यांना सगळं दिसतच असणार, फक्त शोधायला कुणी गेलं नसेल, आणि झाड लावल्यावर एका क्लिकवर अकराही शाखा समोर येतील तेव्हा सगळे म्हणतील की पेरेंट लावल्यामुळे दिसायला लागलं!

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये थोडं वेगळं आहे. तिथे बिझनेस युनिट म्हणून तुमच्या स्वतःच्या संस्थेचं झाड असतं, आणि एकेका परमिशनला पोहोच किती द्यायची ते ठरवता येतं, म्हणजे काहीच नाही, फक्त स्वतःचं, आपल्या युनिटचं, आपल्या युनिटचं आणि त्याखालच्या सगळ्यांचं, किंवा अख्ख्या संस्थेचं. ही पोहोच बघणं, बदलणं, डिलिट करणं या प्रत्येकाला वेगळी देता येते. शिवाय तिथे कॅस्केड नावाचं सेटिंग आहे, ते चालू असलं तर वरचं रेकॉर्ड कुणाशी शेअर केलं की खालची रेकॉर्ड्सही त्याच्यासोबत जाऊ शकतात. म्हणजे तुमच्या मुलांना वाटतेय ती गोष्ट अशा ठिकाणी खरी होऊ शकते. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पेरेंटचा अॅक्सेस खाली झिरपतो का हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, समोर करून दाखवायला सांगा.

आता खरं तर याच्याही आधीचं एक सांगते. अकरा शाखांची अकरा अकाउंट्स हवीतच का? मी प्रत्येक शाखेसाठी तीन गोष्टी विचारते. तिचं बिल वेगळं निघतं का, तिथे खरेदी ठरवणारा माणूस वेगळा आहे का, आणि आपल्याकडून ती सांभाळणारा माणूस वेगळा आहे का. यातल्या एकालाही हो असेल तर चाइल्ड अकाउंट करा. तिन्हींना नाही असेल तर ते अकाउंट नाही, तो नुसता माल पोचवायचा पत्ता आहे, आणि पत्त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी जागा असते. सॅप या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये हे फार छान सुटं करून ठेवलंय, ऑर्डर देणारा कोण, माल घेणारा कोण, बिल कुणाच्या नावे आणि पैसे कोण देणार, हे चार वेगवेगळे पार्टनर म्हणून नोंदवता येतात आणि एकच पार्टी चारही कामं करत असली तरी चालतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी सोय नसेल तरी कागदावर बारा ओळी आणि हे चार कॉलम आखून भरून बघा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. बिल कधी इथे कधी तिथे जातं असं तुम्ही लिहिलंय ना, ते कधी म्हणजे नेमकं कधी हेही त्या कागदावरच समजेल.

आणि क्रेडिट लिमिट! हे कुणी विचारत नाही आणि नंतर हिशेबवाल्यांची झोप उडते. लिमिट जर प्रत्येक चाइल्डला वेगळी दिली आणि पेरेंटला एकत्रित कमाल मर्यादा घातली नाही तर अकरा शाखा मिळून एकाच मालकाला अकरापट उधारी मिळते आणि सॉफ्टवेअर एकदाही लाल रंग दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं प्रत्येक शाखा आपापल्या मर्यादेत आहे.

प्रश्न : टॅलीमध्ये आम्ही ग्रुप आणि लेजर करतो तेच हे पेरेंट-चाइल्ड का? — अकाउंट्स असिस्टंट

उत्तर : नाही, आणि बरं झालं विचारलंत, कारण अकाउंट हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरला जातो आणि मीटिंगमध्ये तिघं तीन अर्थानं बोलत बसतात. हिशेबात अकाउंट म्हणजे खातं, सीआरएममध्ये अकाउंट म्हणजे ग्राहक कंपनी, आणि आयटीवाल्यांसाठी अकाउंट म्हणजे लॉगिन. टॅलीत आधीपासून तयार २८ ग्रुप येतात, १५ मुख्य आणि १३ पोट-ग्रुप, आणि लेजर त्यांच्याखाली बसतं. तिथे पेरेंटचं काम बेरीज करण्याचं. नोंद लेजरवर होते आणि ग्रुपवर एकूण आकडा दिसतो. ग्राहकाच्या झाडात मात्र पेरेंटवर स्वतःचेही व्यवहार असू शकतात, हेड ऑफिस स्वतःही माल घेतं की. त्यामुळे पेरेंटचा आकडा म्हणजे फक्त शाखांची बेरीज की त्यात हेड ऑफिसची खरेदीही धरलीय, हे रिपोर्टच्या शीर्षकातच लिहायची सवय लावा.

प्रश्न : किती लेव्हल कराव्यात? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही करता येतात. — एक वाचक

उत्तर : करता येतात म्हणून करू नका. ग्रुप, कंपनी, शाखा, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. चौथी लेव्हल मागणाऱ्याला विचारा की या लेव्हलवर तू कुठला रिपोर्ट काढणार किंवा कुठली परमिशन वेगळी देणार, दोन्हीला उत्तर नसेल तर ती लेव्हल नाही, तो टॅग आहे. विभाग, उद्योग, जुना-नवा ग्राहक असल्या गोष्टी टॅगमध्ये किंवा ड्रॉपडाऊनमध्ये जातात, झाडात नाही. अॅमेझॉनची क्लाउड सेवा वापरणाऱ्या प्रचंड मोठ्या संस्थासुद्धा रूटखाली, म्हणजे झाडाच्या सगळ्यात वरच्या टोकाखाली, फक्त पाच लेव्हलपर्यंतच युनिट, म्हणजे अकाउंट्सचे गट, एकात एक ठेवू शकतात, तिथे मर्यादाच घातलीय. आणि एक बघून घ्या, अ चा पेरेंट ब आणि ब चा पेरेंट अ असं गोल गोल तुमचं सॉफ्टवेअर करू देतं का. चांगलं सॉफ्टवेअर अडवतं. घरगुती बनवून घेतलेलं असेल तर बऱ्याचदा अडवत नाही आणि मग रिपोर्ट काढताना नुसतं फिरत बसतं.

प्रश्न : आम्ही नऊ जण आहोत आणि नऊही जण अॅडमिन आहोत, कारण आधी परमिशन दिल्या होत्या तेव्हा रोज कुणाचं ना कुणाचं काम अडायचं, मग कंटाळून सगळ्यांना अॅडमिन केलं. गेल्या महिन्यात एकानं एक्सेलमधून इम्पोर्ट करताना दोनशेच्या आसपास ग्राहकांचे पेरेंट चुकून बदलले. त्यानं मुद्दाम केलं नाही, तो बिचारा अजून रोज माफी मागतोय. पण आता रिपोर्ट जुळत नाहीत. हे परत कसं आणायचं आणि परमिशन परत कशा लावायच्या की काम अडणार नाही? — ऑफिस मॅनेजर

उत्तर : आधी त्या सहकाऱ्याला सांगा की माफी पुरे. नऊ जणांच्या हातात जे बटण होतं ते आठवा नाहीतर नववा कधीतरी दाबणारच होता.

परत आणायचं कसं ते आधी. सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट लॉग किंवा फिल्ड हिस्टरी असेल आणि पेरेंट फिल्डसाठी ती चालू असेल तर जुना पेरेंट नि नवा पेरेंट दोन्ही मिळतील. नसेल तर इम्पोर्टच्या आधीचा बॅकअप शोधा, तोही नसेल तर गेल्या महिन्यातला कुठलाही रिपोर्ट ज्यात ग्राहक आणि पेरेंट शेजारी शेजारी छापलेत तो शोधा, कुणाच्या तरी मेलमध्ये पीडीएफ पडलेली असतेच. मग तीन कॉलमची शीट करा, ग्राहकाचा सिस्टीममधला आयडी, आत्ताचा पेरेंट, पाहिजे तो पेरेंट. नावावरून अजिबात जुळवू नका, आयडीवरूनच. नावात एक स्पेस जास्त असली की नवीन ग्राहक तयार होतो आणि घोळ दुप्पट होतो. दोनशे एकदम परत टाकू नका, आधी पाच टाका, बघा, मग पुढचे. आणि टाकायच्या आधी आत्ताची चुकीची अवस्थासुद्धा एक्सपोर्ट करून ठेवा. चुकीच्या अवस्थेचा बॅकअप कशाला असं तुम्हाला वाटेल, पण त्या महिन्याभरात कुणीतरी काही पेरेंट मुद्दाम आणि बरोबर बदललेले असतात, ते त्यातच सापडतात. मी पूर्वी एके ठिकाणी कामाला होते तिथे आम्ही सरसकट जुना डेटा परत ओतला आणि तीन आठवड्यांची चांगली दुरुस्ती पुसली गेली, ते नंतर हातानं परत करायला दुसरे तीन आठवडे लागले.

आता परमिशन. ज्याला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत ही गोष्ट सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलीय, आणि त्यांनीच असंही मांडलंय की सुरुवात सगळं बंद ठेवून करावी आणि लागेल ते उघडावं. तुमचं काम अडायचं ते परमिशन होत्या म्हणून नाही, त्या माणसांच्या नावानं आणि अंदाजानं दिल्या होत्या म्हणून. परमिशन माणसाला द्यायची नसते, कामाला द्यायची असते. १९९२ मध्ये फेराइओलो आणि कुन या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या दोघांनी रोलवर आधारलेल्या परमिशनची मांडणी केली आणि आज बहुतेक सगळी बिझनेस सॉफ्टवेअर त्याच वाटेनं चालतात, म्हणजे परमिशन रोलला आणि रोल माणसाला. नऊ माणसांत तुमचे रोल चार-पाचच्या वर जाणार नाहीत बघा.

हे रोल शोधायचे कसे तर सॉफ्टवेअर बंद करा आणि एकेकाच्या शेजारी अर्धा तास बसा. तू सकाळी आल्यावर पहिलं काय उघडतोस, त्यात काय बदलतोस, कुणाचं फक्त बघतोस, महिन्यातून एकदाच काय करावं लागतं. हे शेवटचं नक्की विचारा, कारण काम अडतं ते बहुतेक याच्यावरच, महिनाअखेरीला एकदा लागणारी परमिशन कुणाच्या लक्षात नसते. मग प्रत्येक गोष्टीसाठी बघणं, नवीन करणं, बदलणं, डिलिट करणं हे चार वेगळे धरा, आणि त्यात अजून तीन घाला जे लोक हमखास विसरतात : एक्सपोर्ट, इम्पोर्ट आणि पेरेंट बदलणं. पूर्ण ग्राहकयादी एक्सेलमध्ये बाहेर काढणं आणि एक ग्राहक स्क्रीनवर बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच टिकमार्कखाली जातात. पेरेंट बदलणं हेही साधं एडिट नाही, फोन नंबर बदलला तर एक रेकॉर्ड बदलतं, पेरेंट बदलला तर त्याखालचं अख्खं बिऱ्हाड हलतं, बेरजा बदलतात आणि काही सॉफ्टवेअरमध्ये दिसणंही बदलतं. तुमच्याकडे पेरेंट बदलणं आणि इम्पोर्ट हे दोन अधिकार दोनच माणसांकडे ठेवा. एकाकडे नको, तो सुट्टीवर गेला की परत सगळ्यांना अॅडमिन करायची वेळ येईल.

सेल्सफोर्समध्ये एका युजरला प्रोफाइल एकच लावता येतं पण परमिशन सेट कितीतरी लावता येतात, त्यामुळे तिथले जाणते लोक प्रोफाइल अगदी कमीत कमी ठेवतात आणि जास्तीचं सेटमधून देतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नावं नसतील पण पद्धत उचलण्यासारखी आहे. एक साधा मूळ रोल सगळ्यांना, त्यावर महिनाअखेर, इम्पोर्ट, सवलत मंजुरी असे छोटे छोटे थर ज्याला लागतील त्याला.

नऊ जणांचं अॅडमिन एका दिवसात काढून घेऊ नका. लोकांना तो अपमान वाटतो, आणि त्यांचं चुकतं असं मला नाही वाटत, कारण कुणी समजावूनच सांगितलेलं नसतं. आधी रोल तयार करा, एक आठवडा दोघांवर चालवा, अडेल ते दुरुस्त करा, मग बाकीचे. पहिले पंधरा दिवस अडलं की कुणाला फोन करायचा ते ठरवून ठेवा आणि त्या माणसानं तासाभरात उत्तर द्यायचंच. परमिशनची व्यवस्था मोडते ती मागितलेली परमिशन दोन दोन दिवस मिळत नाही म्हणून, तेव्हाच लोक एकमेकांचं लॉगिन वापरायला लागतात.

आणि तपासताना स्वतःच्या अॅडमिन लॉगिनमधून तपासू नका, त्यातून सगळंच नीट दिसतं. प्रत्येक रोलचा एकेक डमी युजर करा, त्यातून लॉगिन करा आणि जे दिसायला हवं ते दिसतंय का हे बघून झाल्यावर जे दिसायला नको ते खरंच दिसत नाहीये ना हे त्याहून जास्त वेळ देऊन बघा. मेनूतून नाव गायब झालं म्हणजे बंद झालं असं नाही. जुनी लिंक पेस्ट करून बघा, वरच्या सर्चमध्ये टाकून बघा, रिपोर्टमधून येतंय का बघा, मोबाइल अॅपमधून बघा. पाचपैकी एक दार तरी उघडं सापडतंच, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही चारच जण आहोत. ग्राहक उघडणं, बिल करणं, पैसे जमा दाखवणं, सगळं एकच ताई करतात आणि त्या अत्यंत प्रामाणिक आहेत. कामं वेगळी करा असं आमचे ऑडिटर म्हणतात, त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही टाळतोय. — भागीदार, छोटी फर्म

उत्तर : ताई प्रामाणिक आहेत म्हणूनच करा. उद्या काही आकडा जुळला नाही तर संशय सर्वांत आधी त्यांच्यावर येईल आणि त्यांच्याकडे स्वतःला निर्दोष दाखवायचा काही मार्ग नसेल, कारण प्रत्येक नोंद त्यांच्याच लॉगिनची असेल. कामं वेगळी केल्यानं त्यांचं रक्षण होतं, हे त्यांना याच शब्दांत सांगा.

मोठ्या ठिकाणी हे न केल्यानं काय झालं ते सगळ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. बेअरिंग्ज ही १७६२ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश बँक १९९५ च्या फेब्रुवारीत बुडाली. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन हा माणूस सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब जुळवणारा विभागही त्याच्याच हातात होता. चुकांच्या नोंदी ठेवायला उघडलेल्या ८८८८८ नंबरच्या एका खात्यात तो तोटा लपवत गेला, आणि शेवटी तो आकडा ८० कोटी पौंडांच्या वर गेला. एक बाजूचं अकाउंट, ज्याच्याकडे वरचं कुणी नीट बघत नव्हतं, आणि दोन्ही किल्ल्या एकाकडे, एवढंच कारण पुरलं.

चार जणांत बँकेसारखं काटेकोर होणार नाही आणि करायचीही गरज नाही. दोनच जोड्या तोडा. नवीन ग्राहक किंवा पुरवठादार उघडणारा आणि त्याला पैसे सोडणारा वेगळा. बिल करणारा आणि बिल रद्द करणारा किंवा सूट देणारा वेगळा. हे दुसरं काम भागीदारांपैकी कुणीतरी फोनवरूनही मंजूर करू शकतं. माणसंच कमी असतील तर निदान आठवड्यातून एकदा बदलांचा लॉग दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, आणि वाचला अशी तारखेसकट नोंद करायची.

प्रश्न : एका मुलीला चाइल्ड अकाउंटवर एडिटची परमिशन दिलीय, सेटिंगमध्ये टिक स्पष्ट दिसतेय, तरी तिला बदल करता येत नाहीये. सपोर्टवाले म्हणतात वरून अडलंय. म्हणजे काय? — आयटी बघणारा

उत्तर : म्हणजे परमिशन देणाऱ्या जागा एकाहून जास्त आहेत आणि त्यांच्यात कुणाचं चालतं याचा नियम सॉफ्टवेअरगणिक वेगळा आहे. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये वरच्या युनिटवर लावलेली कंट्रोल पॉलिसी कुणाला काही देत नाही, ती फक्त छत ठरवते, खाली कितीही दिलं तरी छताच्या वर जाता येत नाही, आणि स्पष्ट नकार कुठेही असला तरी तोच जिंकतो. आणखी एक, हे छत सगळ्यात वरच्या मॅनेजमेंट अकाउंटला लागूच होत नाही, म्हणून त्या अकाउंटमध्ये रोजची कामं चालवू नयेत. विंडोजच्या फोल्डरमध्ये मात्र वरून वारशानं आलेला नकार असला आणि त्या फोल्डरवर थेट होकार दिलेला असला तर थेट दिलेला होकार चालतो. सेल्सफोर्समध्ये तर प्रोफाइल आणि परमिशन सेट यांची बेरीजच होत जाते. म्हणजे तिन्हीकडे तीन तऱ्हा!

तुमच्या केसमध्ये वरून खाली या. आधी लायसन्स बघा, काही ठिकाणी फक्त बघण्याचं स्वस्त लायसन्स दिलेलं असतं आणि मग बाकी काहीही टिक केलं तरी उपयोग नसतो. मग त्या पूर्ण प्रकारच्या रेकॉर्डवर तिच्या रोलला एडिट आहे का, मग या विशिष्ट रेकॉर्डपर्यंत ती पोचते का, मग ते विशिष्ट फिल्ड लॉक आहे का, आणि शेवटी रेकॉर्ड मंजुरीत अडकलंय का, कारण मंजुरीला पाठवलेलं रेकॉर्ड बऱ्याच ठिकाणी आपोआप लॉक होतं आणि त्याचा परमिशनशी काही संबंध नसतो. वैतागून तिला अॅडमिन करू नका, वरच्या प्रश्नातल्या नऊ जणांची सुरुवात अशीच झाली असणार.

प्रश्न : आमच्या एका ग्राहक कंपनीला दुसऱ्या ग्राहक कंपनीनं विकत घेतलं. आम्ही पेरेंट बदलला तर मागच्या दोन वर्षांचे रिपोर्टसुद्धा बदलले, जुनी विक्री नव्या मालकाच्या नावावर दिसायला लागली. — एमआयएस

उत्तर : कारण तुमचे रिपोर्ट आजचं झाड घेऊन कालची विक्री मोजतात. व्यवहारावर त्या दिवशीचा पेरेंट कुठे साठवलेलाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये पेरेंटला पासून-पर्यंत अशा तारखा देता येत असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर विक्रीच्या नोंदीवर त्या वेळचा पेरेंट हे एक साधं फिल्ड घाला, नोंद होताना ते भरलं जाईल आणि नंतर कधी बदलणार नाही. मग दोन्ही रिपोर्ट मिळतात, आजच्या रचनेनुसार किती आणि तेव्हाच्या रचनेनुसार किती, आणि साहेबांना कुठला हवाय ते विचारून द्या, कारण दोन्ही बरोबर आहेत. आत्ता झालेल्यासाठी विकत घेतल्याच्या तारखेआधीच्या नोंदींवर जुना पेरेंट एकदाच भरून टाका. आणि दोन कंपन्यांची अकाउंट्स मर्ज करायचा मोह होतो तो आवरा, पेरेंट बदललेला परत लावता येतो, मर्ज केलेलं सुटं करताना फार हाल होतात.

प्रश्न : जाहिरातींचं काम एजन्सीला दिलंय. गुगल अॅड्सचं अकाउंट ते त्यांच्या अकाउंटखाली उघडतो म्हणतायत. चालेल ना? — दुकानदार

उत्तर : अकाउंट तुम्ही तुमच्या मेलवरून उघडा, त्यात स्वतः अॅडमिन राहा, आणि मग एजन्सीच्या मॅनेजर अकाउंटनं, म्हणजे ज्यातून ते अनेक ग्राहकांची अकाउंट्स सांभाळतात त्यानं, पाठवलेली लिंकची, म्हणजे जोडणीची, विनंती मान्य करा. त्यांचं काम तसंच चालतं. फरक पडतो वेगळं व्हायची वेळ आली की, तुम्ही फक्त लिंक काढता आणि जाहिरातींचा सगळा इतिहास तुमच्या अकाउंटमध्ये राहतो. एजन्सीच्या माणसाला तुमचा पासवर्ड मात्र कधीही देऊ नका, लिंक त्याच्यासाठीच असते.

प्रश्न : एक जण नोकरी सोडून जातोय. त्याच्या नावावर साडेतीनशे ग्राहक आहेत. युजर डिलिट करायचा का? — एचआर

उत्तर : डिलिट नाही, डिअॅक्टिव्हेट. सेल्सफोर्स तर युजर डिलिट करूच देत नाही, कारण त्यानं केलेल्या प्रत्येक नोंदीवर त्याचं नाव आहे आणि ते राहायलाच हवं. क्रम असा ठेवा. शेवटच्या दिवसाच्या आधीच ग्राहक दुसऱ्यांच्या नावावर करा, आणि सगळे एकाच्या गळ्यात नको, झाडाप्रमाणे वाटा, एका पेरेंटखालच्या शाखा शक्यतो एकाकडे. पेरेंटचा ओनर बदलला की चाइल्डचा आपोआप बदलतो असं धरून चालू नका, बदलल्यावर त्या माणसाच्या नावावर अजून काय उरलंय याचा फिल्टर लावून बघा, शून्य यायला हवं. त्याच्या उघड्या डील्स, टास्क, मंजुरीसाठी त्याच्याकडे थांबलेली बिलं हेही बघा. मग शेवटच्या दिवशी ऑफिस सुटताना लॉगिन बंद. मोबाइल अॅपमधलं चालू सेशनही काढा, पासवर्ड बदलला तरी ते कधी कधी चालू राहतं.

विसरायला होतं ते वेगळंच. बरीच वर्षं काम केलेल्या माणसाच्या लॉगिनवर काही ना काही बांधलेलं असतं, रात्री आपोआप जाणारे रिपोर्ट, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी, वेबसाइटवरून येणाऱ्या चौकशा ज्या त्याच्या नावे पडतात. म्हणून काही सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन नुसतं गोठवायची सोय असते ती आधी वापरा, तो आत येऊ शकत नाही पण बाकी रचना तशीच राहते. गोठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचे रिपोर्ट आले का आणि वेबसाइटवरची चौकशी कुणाकडे पडली ते बघा, आणि ते दोन्ही मार्गी लागल्यावरच डिअॅक्टिव्हेट करा.